सोसायटीच्या बोटीची मोटर

मोटर मी निवडली. हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत आता विचारलंत तर कुणी म्हणेल समितीने निवडली, कुणी म्हणेल दुकानदाराने गळ्यात मारली, आणि सेक्रेटरी म्हणतील की रीतसर ठराव झाला होता. ठराव झाला होता, खोटं कशाला बोलू. पण दुकानात उभं राहून ‘ही द्या’ म्हणाले ती मी.

सोसायटी वारज्यात, मुठेच्या काठाला लागून. समोरासमोर दोन विंग, मध्ये फरशीचं अंगण, अंगणात गाड्या. बी विंगच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे नदी. फ्लॅट दाखवताना बिल्डरने खिडकीतून नदी दिसते म्हणून फार कौतुक सांगितलं होतं. नदीही आम्हाला बघायला येते, हे तेवढं सांगायचं राहिलं. धरणातून पाणी सोडलं की अंगणात घोटाभर, कधी गुडघाभर पाणी यायचं. एका वर्षी ते मांडीपर्यंत आलं आणि सेक्रेटरींनी घाबरून हवा भरायची रबरी बोट मागवली. बोट आली तर वल्ही मारायला माणूस मिळेना. एकाची पाठ, एकाचा खांदा, एकाची मीटिंग. मग बोटीला मोटर बसवायचं ठरलं आणि घोडं माझ्या दारात येऊन थांबलं. मी तीस वर्षं खडकीला कारखान्यात मेंटेनन्सला होते. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतं असं म्हणणारे सगळे, घरचा मिक्सर अडला की माझीच बेल वाजवतात.

ही सगळी खटपट खरं म्हणजे एका माणसासाठी होती. बी विंगच्या तळमजल्यावर एकच फ्लॅट आहे, त्यात मावशी एकट्या राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. माझ्या हातचा चहा प्यायल्या की भांडी विसळलेलं पाणी बरं म्हणायच्या आणि दुसरा कप मागायच्या. पावसाळ्यापुरत्या माझ्याकडे वर राहायला या म्हणून मी दरवर्षी मागे लागायची. त्या म्हणायच्या, जन्मभर मी माणसांना खाटेवरून हलवलं, आता मला कोणी हलवायचं नाही. माझी आई गेल्यावर मला रागावणारं कोणी उरलं नव्हतं. ते काम मावशींनी न सांगता अंगावर घेतलं होतं, आणि मला त्यांच्याशिवाय करमायचं नाही, हे मी त्यांना कधी म्हणाले नाही.

दुकान सदाशिव पेठेच्या कडेला एका बोळात होतं. पुढे फवारणीचे पंप, मागे जनरेटर, आणि अगदी आत, लाकडी घोडीवर टांगलेल्या चार-पाच बोटीच्या मोटरी. डोकं वर, लांब पाय खाली आणि पायाशी पंखा. अंधारात त्या ओळीने लटकताना बघून मला उगीच दवाखान्यातलं शवागार आठवलं आणि माझा मलाच राग आला. दुकानदार म्हातारे होते. समितीने दहा एचपीची सांगितली आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “आपल्याला बोट चालवायची आहे की सोसायटी ओढून न्यायची आहे?”

मग त्यांनी मला बसवलं आणि नीट समजावलं. आधी बोटीवरची पाटी वाचायची. आमच्या बोटीवर चार एचपीच्या वर लावू नका असं छापलेलं होतं, ते एकाही सभासदाने वाचलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड झाला की बोट मागून बुडते, म्हणाले. मग बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजायची. मोटरचा पाय त्या उंचीला बेताचा हवा. आखूड पडला तर पंखा हवेत घुसळतो, लांब झाला तर खालच्या दगडधोंड्याला लागतो. आणि तिसरं म्हणजे पाणी कसलं आहे ते बघायचं. बहुतेक मोटरी बाहेरचंच पाणी आत ओढून थंड राहतात. आमच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, जलपर्णी आणि कुणाकुणाची पायपुसणी. त्यांनी मग कोपऱ्यातली एक छोटी दाखवली, अडीच एचपीची, हवेवर थंड होणारी. एका माणसाला उचलता येते, कचऱ्याने तुंबत नाही, पेट्रोलची टाकी डोक्यातच. खोट एकच, आवाज फार करते. मी म्हटलं, करू दे.

शेवटी त्यांनी एक लाल, वेटोळ्याची दोरी हातात दिली. तिच्या एका टोकाला चिमटा. हा चिमटा मोटरच्या लाल बटणामागे बसवला तरच मोटर चालू राहते. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटाला बांधायचं. माणूस पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, चिमटा निघतो, मोटर बंद. म्हातारबुवा म्हणाले, बाई, मोटर कुठलीही घ्या, ही दोरी बांधल्याशिवाय कोणाला बसू देऊ नका. माणूस पडला तरी मोटरला ते कळत नाही. ती आपली चालत राहते, वळवायचा दांडा हातातून सुटला की एका बाजूला वळून गोल गोल फिरते, आणि ज्याला पाडलं त्याच्याच अंगावर परत येते. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

घरी आणून आम्ही ती गच्चीवर निळ्या पिंपात पाणी भरून चालवून पाहिली. आवाज एवढा झाला की मलाच कानांवर हात ठेवावेसे वाटले. दोन विंगच्या मध्ये तो आवाज असा घुमला की खाली अंगणात उभे असलेले लोक वर न बघता मागे बघायला लागले. मोटर कुठे चालली आहे ते कुणालाच कळेना. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंना ती आपल्या बाथरूममध्ये चालू आहे असं वाटलं होतं.

आणि मग आमच्या सोसायटीने ते केलं जे आमचीच सोसायटी करू शकते. कोणी परवानगीशिवाय बोट नेऊ नये, म्हणून सेक्रेटरींनी लाल दोरी काढून सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात कुलपात ठेवली. बोट गच्चीवर, मोटर गच्चीवर, दोरी ऑफिसात, आणि वल्ही आता कशाला म्हणून तीही ऑफिसात. बोर्डावर टाइप केलेली सूचना लागली: ‘बोटीची लाल दोरी कार्यालयातून सही करून न्यावी. दोरीशिवाय मोटर चालत नाही, याची नोंद घ्यावी.’ खाली शिक्का. ऑफिस तळमजल्यावर, गेटला लागून, पाणी जिथे सगळ्यात आधी येतं तिथे. मी ती सूचना रोज वाचत होते आणि जाता-येता हसत होते. मला कळायला हवं होतं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रांवर सुरक्षिततेच्या पाट्या लावल्या होत्या.

पाणी आलं त्या दिवशी पाऊस नव्हता. सकाळचे दहा, साडेदहा. आदल्या दोन दिवसांत वर घाटात धो धो पडला होता, आमच्याकडे मात्र ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात अंगणातल्या गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. आवाज नाही, लोंढा नाही. जमिनीला घाम फुटावा तसं आलं. पंधरा मिनिटांत चाकं बुडाली. कुणीतरी मेन स्विच पाडला. चेंबरची झाकणं पाण्याच्या दाबाने सरकली, म्हणजे खाली पाय टाकायची सोय राहिली नाही. तासाभरात गाड्यांच्या टपांवरून पाणी फिरलं. आणि मग त्या गाड्या आपोआप चालू व्हायला लागल्या. आत कोणी नाही, किल्ली नाही, पण पाण्याखाली दिवे लागले. एका गाडीचे वायपर पाण्याच्या आत हलत होते. एकीचा हॉर्न वाजत होता, दबलेला, तोंडावर उशी धरल्यासारखा. वायरिंगमध्ये पाणी शिरलं की असं होतं, हे मला माहीत आहे. माहीत असूनही मी तिकडे बघणं टाळत होते.

मावशींचा फोन लागला. त्या ओट्यावर, ओट्यावर ठेवलेल्या स्टुलावर आणि स्टुलावरून स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढल्या होत्या. त्या गुडघ्यांनी कशा चढल्या देव जाणे. म्हणाल्या, इथे कोरडं आहे, डब्यांच्या मधे बसले आहे, तू उगीच हातपाय गाळू नकोस. मी सांगितलं की बोट काढतो आहोत, मोटर लावली की पाच मिनिटांत तुमच्या दाराशी. त्यांनी विचारलं, दाराला आतून कडी आहे, त्याचं काय. मग त्याच म्हणाल्या, “मोटरचा आवाज जवळ आला की मी उतरून कडी काढते.”

मी म्हटलं, “हो.”

एवढंच बोलणं झालं आणि फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही.

बोट आम्ही ए विंगच्या जिन्यात उतरवली, पहिल्या मजल्याच्या खालच्या वळणावर. चालवायला माझ्या वरच्या मजल्यावरचा एक जण तयार झाला. मूळचा नागपूरकडचा, हिंजवडीला कंपनीत, पस्तिशीचा, पोहता येणारा आणि स्वभावाने सोन्यासारखा. मोटर बसवली, पेट्रोल काठोकाठ भरलं आणि मग सगळ्यांना दोरी आठवली. ऑफिसचं नुसतं छप्पर दिसत होतं. सेक्रेटरी जिन्यावर उभे होते, खिशातली कपाटाची किल्ली काढून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.  

लाल बटण बाहेर ओढून धरलं की काम होतं. चिमटा तेवढंच करतो. मी नाडी मागवली, कुणाच्या तरी परकरातली, आणि बटणामागे चार वेढे देऊन गाठ मारली. पहिल्या झटक्यात मोटर लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला, काय सांगू, अभिमान वाटला. दुकानदार काय म्हणाले होते ते मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवत होतं. सत्तर पावलांचं तर अंतर आहे, असं मी मनाशी म्हणाले. त्याला मी सांगितलं नाही. तो म्हणाला, “टेन्शन नका घेऊ न काकू, आत्ता आणतो मावशीले.”

अर्ध्या वाटेत पंखा की बूड, काहीतरी बुडालेल्या गाडीच्या टपाला घासलं. बोट उसळली आणि तो बाजूला फेकला गेला. मोटर क्षणभर चिरकली, पुन्हा पाण्यात बसली आणि चालत राहिली.

तो वर आला, त्याच गाडीच्या टपावर चढला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला. गुडघा फुटला होता. आणि बोट त्याच्याभोवती फिरायला लागली. रिकामी, दांडा एका बाजूला कललेला, वेग तोच. ए विंगजवळून यायची, वळायची, बी विंगजवळून, मावशींच्या दारासमोरून जायची, आणि परत. कुणीतरी बसून चालवत असल्यासारखी नेमकी त्याच वाटेने. तो उतरायला पाय टाकायचा की ती समोरून यायची. गॅलऱ्यांतून चाळीस-पन्नास माणसं बघत होती आणि कुणी बोलत नव्हतं. बोलून ऐकू आलंच नसतं. त्या मोटरच्या आवाजाखाली काही उरलं नव्हतं, तो पाण्यातला हॉर्नसुद्धा नाही.

बोट तिसऱ्यांदा मावशींच्या दारापाशी गेली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत, माळ्यावर बसलेल्या बाईला काय ऐकू येत असेल? मोटर जवळ येते. अगदी दाराशी येते. मग जरा लांब जाते. पुन्हा जवळ येते. तिला वाटेल आम्ही दार शोधतो आहोत. तिला वाटेल आपणच उशीर करतो आहोत.

मी ओरडायला लागले. मावशी, उतरू नका. माळा सोडू नका. गॅलऱ्यांतल्या लोकांना आधी कळेना, मग तेही ओरडायला लागले, बी विंगच्या वरच्या मजल्यावरची दोन म्हातारी माणसं काठीने फरशी ठोकायला लागली. मोटर सगळ्यांना पुरून उरली. मी माझा घसा फाटेपर्यंत ओरडले आणि माझंच ओरडणं मला ऐकू येत नव्हतं.

दोरी पंख्यात अडकली तर मोटर बंद पडते, हे मला ठाऊक होतं. मी कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोऱ्या सोडवून आणायला लावल्या. बोट जवळून गेली की पुढे टाकायची. पहिली बाजूला वाहून गेली. दुसरी बोटीच्या वरून पडली. चादरी टाकल्या, त्या बुडाल्या. फेऱ्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. अर्धा तास म्हणतात, मला तो दिवसभर वाटला. शेवटी टपावर उभ्या असलेल्या त्यानेच अंगातला शर्ट काढला, पिळला आणि ती अंगावर येताना बरोबर पंख्याच्या पुढ्यात पाण्यात टाकला. पंख्याने तो गिळला. खाडकन मोटर बंद पडली.

मग जी शांतता झाली तिची मला अजून भीती वाटते. मला आठवतं, कुणीही लगेच ओरडलं नाही. सगळे ऐकत होतो. हॉर्न थांबला होता. गाड्यांचे दिवे पिवळे, मंद झाले होते. बोट आपल्याच लाटेवर सरकत गेली आणि मावशींच्या दाराला जाऊन टेकली, आणि दार आत उघडलं. थोडंसंच, हातभर. कडी काढलेली होती.

मी हाक मारली. नेहमीच्या आवाजात मारली, चहाला बोलवावं तशी. दोनदा मारली. टपावरचा तो पोहत दारापर्यंत गेला, दार ढकललं, आत डोकं घातलं आणि तिथेच थांबला. मागे वळून त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरून मला कळलं.

त्यांना अग्निशमनच्या जवानांनी दुपारी बाहेर काढलं. दाराच्या मागेच होत्या. ठेंगणी बाई, पाणी त्यांच्या डोक्यावरून होतं. पायांत चपला होत्या आणि चष्मा रुमालात गुंडाळून पोलक्यात खोवलेला होता. पंचनामा झाला, भाचा आला, सगळं रीतसर झालं. त्या नाडीबद्दल मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. सगळे म्हणाले, तुम्ही तुमच्या परीने केलंत. कुणीतरी मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. देणारं एकच माणूस होतं.

संध्याकाळपर्यंत पाणी जसं आलं तसं गुपचूप गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरात गेले. पायाखाली चिखल, फ्रीज आडवा, भिंतीवर सगळीकडे पाण्याची तपकिरी रेघ, सरळ, गवंड्याने सूत धरून मारावी तशी. रेघ माझ्या कपाळाच्या उंचीला होती. माळा तिच्यापासून दोन हात वर.

मी स्टूल पुसून ओट्यावर ठेवलं आणि चढले. माळ्यावर डबे होते, पुढे जुनी वर्तमानपत्रं, सगळं खडखडीत कोरडं. डब्यांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा झाडून केलेली होती. बसायला घेतलेली चादर तिथेच होती. खाली उतरायच्या आधी मावशींनी तिची चार पदरी घडी घालून, कडा जुळवून, डब्यावर ठेवली होती.